पिंगळीचा घास

विळा

नव्या भाताचा पहिला घास माणसानं खायचा नसतो. ज्यानं काम केलं त्याचा तो.

बाळीनं पळसाच्या पानांवर भाताचे गोळे मांडले. एक विळ्यापुढं, एक सुपापुढं, एक मुसळापुढं, एक मुलाच्या कोयत्यापुढं. मग तिनं हात लुगड्याला पुसले. दारात कुत्री बसली होती. बसली म्हणजे काय, तिला नीट बसताही येत नसे. मागचे पाय इतके लांब, की मोडून ठेवलेल्या बाजेसारखी दिसायची.

"आत्या, हिला?" सून चंद्रीनं विचारलं.

"हिनं काय काम केलं?"

"अजून काय नाय."

"मग करू दे. करील तेव्हा देईन."

कुत्रीनं मान दुसरीकडं वळवली. जणू तिला पटलं.

त्या साली घास आखडतेच होते. हस्ताचा पाऊस आला नव्हता. लोंब्या मान न वाकवता उभ्या राहिल्या, आणि मान न वाकवणारी लोंबी म्हणजे पोचट. बारवी नदीकाठच्या ठाकरांच्या या वाडीला बदलापूरकडच्या जयदेवशेटच्या शेतांवर काम असायचं. झोडणी आटपली तसं शेटनं गड्यांना सांगून टाकलं, आता होळीपर्यंत येऊ नका. बाळीच्या देऊला तेवढं ठेवलं. तेही शेतासाठी नाही, कुत्रीसाठी.

कल्याणच्या छावणीतला गोरा साहेब निघून गेला तेव्हा मागं राहिलेलं हे ग्रेहाउंड जातीचं पिल्लू. साहेबाच्या खानसाम्यानं ते वाढवलं आणि पुढं एका भाताच्या पोत्यावर जयदेवशेटला देऊन टाकलं. रंग वाळल्या गवताचा. वाडीनं नाव ठेवलं पिंगळी.

"काय रं देऊ," ओटीवर बसून विडी ओढत शेट म्हणाला, "शिवरात्रीला अंबरनाथची जत्रा. दुसरे दिवशी कुत्र्यांची शर्यत हाय. वांगणीचा हिंदुराव ठेकेदार, त्याच्याशी माझी पैज लागली. ज्याचं कुत्रं हरंल त्यानं ते जिंकनाऱ्याला देऊन टाकायचं. समजला?"

"समजलो, शेट."

"मग हिला पलवायला शिकव."

देऊ एक हंगाम हिंदुरावाकडं लाकूड तोडायला गेला होता. तिथल्या कुत्र्यांच्या साखळ्या इतक्या आखूड, की झोपताना त्यांची मान जमिनीला टेकत नसे. हे त्यानं घरी एकदाच सांगितलं होतं. चंद्रीला ते विसरता आलं नव्हतं.

"हरली तर तिकडं जाईल?" तिनं विचारलं.

"हां."

"त्या साखळीत?"

देऊनं कोयता उचलला आणि उगाचच धार लावत बसला.


बिब्बा

बैलाला कसं पळवायचं ते देऊला ठाऊक होतं, म्हणून कुत्रीलाही त्यानं तसंच पळवलं. बैलगाडीच्या मागं दोरीनं बांधली आणि खडीच्या रस्त्यानं गाडी सोडली. सुरुवातीला पिंगळी गाडीच्या पुढं जायला बघायची. मग चाकाच्या बरोबरीनं पळू लागली. मग दोरी ताठ व्हायला लागली. आणि एका सकाळी ती घराशेजारच्या खोपीतून बाहेर आली ती पुढचा डावा पाय हवेत धरून.

खांदा सुजला होता. बैलाचा खांदा सुजला की काय करतात? बिब्बा घालतात. देऊनं चुलीत बिब्बा तापवला, दाभणानं टोचला, आणि सुटलेल्या काळ्या तेलाची पिंगळीच्या खांद्यावर फुली ओढली.

बैलाचं कातडं ते बैलाचं. हिचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं. फोड आले आणि फुटले. ती ओरडली नाही. खोपीत जाऊन तोंड कुडाकडं करून बसली.

चंद्री खोबरेल लावायला गेली तेव्हा तिनं चंद्रीचा हात चाटला. देऊ आत आला तशी अंगाचं मुटकुळं केलं.

"मला बघून असं करते," देऊ म्हणाला.

"मग काय ओवाळील?"

त्याच दिवसांत लोकूमल आला. हा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला सिंधी. बराकीत राहायचा आणि सायकलच्या कॅरियरला कापडाचं गाठोडं बांधून वाड्यावाड्यांतून हिंडायचा. गाठोड्यातून लाल छिटाचा एक पट्टा कायम बाहेर सोडलेला असे. वाऱ्यावर तो फडफडायचा आणि बायका लांबूनच म्हणायच्या, लाल आलं.

त्यानं गाठोडं सोडायला हात घातला आणि त्याला खोपीत पिंगळी दिसली.

"ताजी!" तो म्हणाला. गाठोडं तसंच राहिलं. तो वाकून आत गेला. "अमां, ये तो ताजी है. आमच्या सिंधमधे शिकारीची कुत्री अशीच असते. माझ्या बाबाकडे होती, दोन. एकदम हीच कमर, हीच गर्दन." मग त्याला खांदा दिसला. "ये किसने जलाया?"

चंद्रीनं देऊकडं बघितलं.

"मी," देऊ म्हणाला.

"क्यूं?"

"लंगडत होती."

लोकूमलला रागवायचं होतं ते दिसत होतं. पण फेरीवाल्यानं गिऱ्हाइकावर रागवायचं नसतं. "साईं, तुमचा पाय मुरगळला तर घरवाली तुम्हाला जळतं लाकूड लावते?"

"कधी कधी लावावंसं वाटतं," चंद्री म्हणाली.

बाळी हसली. मग लोकूमलही. देऊ हसला नाही. तो पिंगळीच्या खांद्याकडं बघत होता.

"आता काय करू?" त्यानं विचारलं.

"काहीच नको करू," लोकूमल म्हणाला. "तेच मुश्किल आहे."


सायकल

"बांधायची नाही," लोकूमल म्हणाला.

"पळून जाईल."

"कुठे जाईल? जेवण इथे आहे."

"खडीवर नको?"

"नदीची रेती आहे ना. रेतीत पळव."

"रोज?"

"एक दिवस पळ. मग दोन दिवस नुसती चाल. मग आराम."

"आराम? कुत्र्याला?"

"पगारी," चंद्री म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरी नोकरी."

"आणि पोटभर खायला," लोकूमल म्हणाला.

"भुकेलं कुत्रं पळतं म्हणतात."

"साईं, मी भुकेला आलो. कराचीच्या जहाजातून. पळालो नाही. बंदरावर उतरलो आणि बसलो."

"पाणी?"

"धाप आहे तोवर नको. पहिले चालव. साँस खाली बसू दे. मग थोडं, मग थोडं."

"आणि मारायचं कधी?"

"कशाला?"

देऊनं हातातली काठी कुडाला टेकवून ठेवली.

लोकूमल वाडीवर फेरीला आला की कापड कमी विकायचा आणि पिंगळीपाशी जास्त बसायचा. या शिकवणीचं तो काही घेत नसे. बाळी ताक द्यायची, बोरं द्यायची. तो बोरं खिशात टाकायचा आणि पिंगळीचं लांबट डोकं मांडीवर घेऊन कान चोळत राहायचा. "बराकीत एका खोलीत आम्ही दोन कुटुंबं," तो एकदा म्हणाला. "मधे गोणपाटाचा पडदा. तिथे ताजीची गोष्ट कुणाला सांगू?"

खांद्याची जखम भरली. जिथं फुली होती तिथं केस उगवले नाहीत. काळी कातडी तशीच राहिली.

देऊचे हात शिकत गेले. पळण्याआधी तो तिचे चारी पंजे हातात घेई. बोटांच्या मधली पातळ कातडी फाकवून बघे, काटा, खडा. नखं घासून देई. तिच्या मांड्या चोळताना कोणती शीर ताठ आहे ते त्याच्या अंगठ्याला कळू लागलं. हाडांवर मांस नाही, कोपरं सोलवटतात, म्हणून चंद्रीनं खोपीत पेंढ्याचा थर घातला. थंडी पडली तशी वर आपली जुनी गोधडी टाकली.

आणि चाक. ते लोकूमलच्या डोक्यातून निघालं. त्यानं नदीच्या रेतीत सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाचं टायर-ट्यूब काढलं आणि उघड्या रिमला लांबलचक सुतळी बांधली. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला लाल छिटाचा तुकडा. तो तुकडा पार तिकडच्या वळणापाशी नेऊन ठेवला. पायडल हातानं फिरवलं की सुतळी रिमवर गुंडाळत जायची आणि तांबडं फडकं रेतीवरून सुसाट धावत यायचं.

"फिरवणार कोण?" देऊ म्हणाला. "मी कुत्रीपाशी. तू फडक्यापाशी. चंद्री लाकडाला गेली."

बाळीनं लुगड्याचा काष्टा आवळला.

"आत्ता या वयात, अमां?"

"जातं कोण फिरवतं घरात? तूच का?"

बाळीनं पायडल धरलं आणि फिरवलं. फडकं उडालं. देऊनं हात सोडला. पिंगळी पहिल्यांदा नुसती बघत राहिली, आणि मग तिचं अंग आखडलं आणि सुटलं. पाठ धनुष्यासारखी वाकली, चारी पाय पोटाखाली गोळा झाले, मग चारी पाय लांब, आणि दोन्ही वेळा जमिनीला काहीच टेकलेलं नाही. रेती मागं उडत होती ती तिची वाटत नव्हती. बाळी चाक सोडून बघतच राहिली. फडकं थांबलं. पिंगळीनं ते तोंडात धरलं, झिंजाडलं, आणि सायकलीपाशी आणून टाकलं.

"परत म्हणते," बाळी म्हणाली.

"आज नाही," वळणाकडून धावत आलेला लोकूमल म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. रेती गेली, तो म्हणाला.

पिंगळीला चालवून देऊ परत आला आणि खडकापाशी उभा राहिला. ती आली. आपलं सगळं अंग तिनं त्याच्या मांडीवर रेललं आणि डोळे मिटले. ही जात अशीच रेलते, लोकूमलनं सांगितलं. देऊ हलला नाही. त्याच्या पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही.


गोधडी

जयदेवशेट न सांगता आला. शिवरात्र जवळ आली होती.

"कुत्रीला गोधडी?"

देऊ उभा राहिला.

"नि तू गोनपाटावर निजतंस? उद्या तिचे पाय पन चेपशील."

"चेपतो, शेट."

शेटबरोबर आलेले दोघे मोठ्यानं हसले. शेट हसला नाही. खोपीत पिंगळीची पेज ठेवली होती, सुकट घातलेली. त्यानं पायाच्या अंगठ्यानं ते मडकं कलंडवलं. पेज शेणाच्या जमिनीवरून चंद्रीच्या पायापर्यंत आली.

"आदल्या दिवशी पोटात काय जाता नये. नि सकालची दारू पाजायची, बैलांना पाजतात तशी. बाटली पाठवून देतंय. तो तिकडं हिंदुरावाचा कुत्रा बघ, चार दिस झालं उपाशी, माणसाला खाईल असा. नि ही? आल्यागेल्याचे अंगावर रेलतंय!"

कारण पिंगळी उठून त्याच्याही मांडीला रेलली होती.

शेटनं तिला लोटलं नाही. तेवढं त्यानं केलं नाही. पाय हळूच काढून घेतला, देऊकडून 'हां, शेट' वदवून घेतलं आणि गेला.

चंद्रीनं सांडलेली पेज झाडून घेतली. देऊ म्हणाला, "हो म्हणालो मी. आता काय करायचं?"

"तुम्ही हो म्हणालात. आत्या कुठं म्हणाल्या?"

आदल्या दिवशी दुपारी बाळीनं पिंगळीला भरपेट जेवू घातलं. देऊ तेव्हा मुद्दाम नदीवर गेला. दारूची बाटली आली. शर्यतीच्या सकाळी शेटनं विचारलं, "पाजली ना?"

"पाजली, शेट."

कुणाला, ते त्यानं विचारलं नाही. बाळी गाडीत पेंढ्यावर अंबरनाथपर्यंत गाणं म्हणत आली. तिच्याशेजारी, ज्या गाडीच्या मागं कधी बांधून पळवली होती त्याच गाडीत, पिंगळी बसली होती.


ससा

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळापलीकडच्या रिकाम्या शेतांत माणूस मावत नव्हता. बांध फोडून सलग पट्टा केला होता. पलीकडच्या टोकाला करवंदीची जाळी. टोपलीतला ससा जाळीच्या दिशेनं सोडायचा. त्याच्या मागं जाळीपाशी जे कुत्रं आधी पोचेल ते जिंकलं.

लोकूमल येणार नव्हता. जत्रेचे दिवस, धंद्याचे दिवस, तो म्हणाला होता. "जिंकली की खबर द्या." आणि पाठ वळवून बराच वेळ गाठोडं बांधत राहिला होता.

"ती बघ, शेटची. मेलीची कंबर बघ, मुठीत येईल."

"ही पळणार? वारा आला तर उडंल."

"हिंदुरावाचा काळ्या बघ. दोघं धरून आहेत."

"खांद्याला काय झालंय तिच्या?"

"फुली हाय. देवाला सोडलेली असंल."

हिंदुराव घाटावरचा माणूस, आवाज मोठा. तो पिंगळीभोवती फिरून आला. "शेट, नेतो बरं का आज हिला. साखळी आणलीया संगट." आणि त्यानं ती खरंच वाजवून दाखवली.

चंद्रीनं पिंगळीचा पंजा हातात धरला होता. पंजा गरम होता, कोरडा होता, थरथरत नव्हता. काळ्याच्या तोंडाला फेस होता आणि गळ्यातल्या दोरीखाली मांस लाल दिसत होतं. चंद्रीनं देवळाकडं बघून एवढंच म्हटलं, "हिला आमच्यातच राहू दे."

टोपली उघडली. ससा सुटला.

काळ्या सुटला, लोक ओरडले, देऊनं हात सोडला आणि पिंगळीनं मान ताठ केली, सशाकडं बघितलं, पुढं दोन उड्या घेतल्या, आणि त्याच क्षणी डाव्या अंगाच्या बांधावरून, धंदा टाकून, राहवलं नाही म्हणून जिवाच्या आकांतानं पायडल मारत येणाऱ्या लोकूमलच्या कॅरियरवर तांबडं फडकं वाऱ्यानं असं फडफडलं, की पिंगळी जागच्या जागी वळली आणि निघाली, लोकांच्या कडेनं, टोप्यांच्या पुढून, ससा नाही, काळ्या नाही, शेट नाही, कोणी नाही, चारी पाय गोळा, चारी पाय लांब, आणि ओरडणारे लोक गप्प झाले, कारण असं पळताना त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, घोडा नाही, हरीण नाही, आणि लोकूमलनं मागं वळून बघितलं, त्याला कळलं, त्यानं ब्रेक दाबला, आणि तिकडं सायकल, गाठोडं, छीट, सिंधी आणि कुत्री सगळं एकदम खाली.

आणि मग अख्खं शेत हसलं.

ससा जाळीत शिरून केव्हाच दिसेनासा झाला होता. काळ्या जाळीपाशी पोचून आडवा पडला होता, आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

देऊ धावत पोचला तेव्हा लोकूमल मातीत बसला होता, गुडघा फुटलेला. पिंगळी त्याच्यावर रेलून उभी होती, तोंडात तांबडं फडकं.

"साईं, मी मारलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी का आलो? फक्त एकदा बघायचं होतं. आता तो नेणार हिला. माझ्यामुळे."

देऊनं आधी तिचे पंजे बघितले, चारी. मग लोकूमलचा गुडघा.

हिंदुराव साखळी घेऊन आला. मागं गर्दी, गर्दीत जयदेवशेट. शेटचा चेहरा विटेसारखा झाला होता.

"जिंकलास. घेऊन जा," शेट म्हणाला.

हिंदुरावानं पिंगळीकडं बघितलं. तिनं फडकं त्याच्या पायापाशी टाकलं आणि शेपूट हलवलं. परत म्हणत होती.

"अन् हिला नेऊन मी काय करू?" हिंदुराव गर्दीकडं वळून म्हणाला. "रानात डुकराच्या मागं सोडली तर पुढं सायकल कुणी चालवायची? माझ्या बायकूनं?"

गर्दी पुन्हा हसली. कुणीतरी घंटी वाजवल्यासारखा तोंडानं आवाज काढला.

"नको मला. शेट, तुम्हीच ठेवा. पोस्टात लावा नोकरीला." साखळी खांद्यावर टाकून तो निघून गेला.

शेट तसाच उभा. लोक त्याच्याकडं बघत होते. त्यानं पिंगळीची दोरी देऊच्या अंगावर फेकली.

"मना पन नको. तुझीच कर हिला. माझे दारात परत दिसली तर बघ."

"हां, शेट," देऊ म्हणाला. "उपकार झाले, शेट."

शेटला वाटलं गडी टोमणा मारतोय. त्यानं नीट बघितलं. टोमणा नव्हता. मग तो थोडा वेळ पिंगळीकडं बघत राहिला, ज्या वाटेनं ती पळाली होती त्या वाटेकडं बघितलं, आणि जाता जाता म्हणाला, "उद्या शेनखत उपसायला ये. लवकर ये."

चंद्री तिकडं जाळीपाशी होती. ओंजळीनं काळ्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती. हिंदुरावाची माणसं येऊन त्याला उचलून नेईपर्यंत ती ओतत राहिली.


घास

लोकूमलची सायकल वाकली होती. ती गाडीत टाकली, तोही गाडीत बसला. दिवेलागणीला सगळे वाडीवर आले.

बाळीनं कणगीतला उरलेला नवा तांदूळ काढला. भात शिजला. तिनं पळसाचं पान धुतलं, त्यावर गोळा ठेवला, वर सुकटीचे तुकडे, आणि पान खोपीच्या दारात मांडलं.

"आत्या," चंद्री म्हणाली, "जिंकली कुठं ती?"

"जिंकलेली बैलं ठाऊक आहेत मला. परत जुंपतात." बाळीनं पान जरा पुढं सरकवलं. "लाल दिसलं की धाव, हे शिकवलं ना आपण? तेवढं केलंन तिनं. आणि कुणाचं ऐकलं नाय."

पिंगळीनं गोळा हुंगला. मग खाल्ला, सावकाश, भूक नसल्यासारखा. पान चाटून झाल्यावर ती उठली, देऊपाशी आली आणि रेलली. बिब्ब्याची फुली त्याच्या हाताखाली आली. त्यानं हात तिथंच ठेवला.

चुलीपाशी लोकूमल फुटक्या गुडघ्याला हळद लावून बसला होता. बाळीनं त्याच्यापुढंही पान मांडलं.

मग माणसं जेवली.